बॅटरी माझी होती

आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, दादाची गाडी रेसच्या दिवशी का बंद पडली? सांगतील, बहिणीनं खराब बॅटरी आणली म्हणून. किराणावाला सांगेल, गिरणीवाला सांगेल, समोरची म्हातारी तर हातवारे करून सांगेल. आणि मी ऐकून घेते. खरं तर मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही, हे त्याच गल्लीला चांगलं ठाऊक आहे. नवऱ्यानं हात उचलला त्या दिवशी पिशवी भरून माहेरी आले आणि न्यायला आलेल्यांना उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं, तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. पण त्या बॅटरीचं नाव निघालं की मी मान खाली घालते. का, ते आजवर कुणाला सांगता येत नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

घरात आम्ही तिघं. अप्पा, दादा आणि मी. आई लवकर गेली. अप्पा मूळचे करकंबचे, पण मिसरूड फुटायच्या आत सोलापुरात येऊन मागाच्या कारखान्यात चिकटले. टॉवेल-चादरी विणणारे ते यंत्रमाग बिघडले की जो दुरुस्त करतो त्याला जॉबर म्हणतात. अप्पा जॉबर होते. कारखाना बंद झाला, माग भंगारात गेले, तरी त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास तसाच होता. धुऊन धुऊन माझे हात गेले, वास काही गेला नाही.

दादाला मागावरच जायचं होतं. अप्पांनी जाऊ दिलं नाही. "मागात आता काय ऱ्हायलं न्हाय. कंपनीत जा, पगार तर येळंवर मिळंल," म्हणून स्वतः चार जणांच्या हातापाया पडून त्याला चिंचोळी एमआयडीसीत लावला. प्रेसवर. पत्रा दाबून त्याचे आकार काढायचं मशीन ते. एका दुपारी वर थांबायच्या ऐवजी ते मशीन खाली आलं आणि दादाच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

दादा रडला नाही. हाताला टॉवेल गुंडाळून बसायचा, घरातसुद्धा. रडले अप्पा. "म्या घातली त्याची बोटं मशिनात. म्या," असं भिंतीकडं तोंड करून बोलायचे. जेवायला वाढलं तर ताट तसंच. त्या माणसानं अशी हाय खाल्ली की मला वाटलं, दादाच्या आधी हेच जातील. एक पोरगा टॉवेलात हात लपवून बसलेला, एक बाप भिंतीशी बोलणारा, आणि मी सकाळी भाकरी थापून शाळेचे गणवेश शिवायला कारखान्यात पळणारी. घरात पाय ठेवला की अंगाची आग व्हायची माझ्या. कुणावर काढू तेच कळायचं नाही.

एक दिवस काढला राग. माळ्यावर दादाची पत्र्याची पेटी होती, ती ओढून त्याच्यापुढं आपटली. "हात गेलाय, डोकं गेलंय का बे तुझं?" मी म्हणाले. त्यानं मला एक शिवी दिली. कित्येक दिवसांनी तोंडातून काहीतरी निघालं, मला शिवीसुद्धा गोड लागली.

त्या पेटीत त्याची बग्गी होती. बग्गी म्हणजे रिमोटवर पळणारी रेसची गाडी. लोकांना वाटतं खेळणं. खेळणं नव्हे ते. भाकरीच्या टोपलीएवढी गाडी, पण तिला खरे गिअर, खरे शॉकअप, मोटर अशी की हातात धरली तर मनगट पिरगाळेल. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत अशी पळते की डोळा ठरत नाही. बोटं होती तेव्हा दादा दर रविवारी वळसंगच्या रस्त्याला एका पडीक रानात जायचा. तिथं पाच-सहा जणांनी ट्रॉलीनं माती टाकून ट्रॅक केलेला. अपघाताच्या थोडं आधी त्याची गाडी उडी मारून दगडावर पडली होती, मागचं अर्धं अंग चेचलं होतं. पुढचं अर्धं शाबूत होतं. मग बोटंच गेली, आणि ते अर्धं अंग पेटीत पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर पेटी उघडी. टॉवेल बाजूला पडलेला. दादा डाव्या हातानं एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवत होता. चुलीकडं जाऊन गुपचूप चहा ठेवला. डोळे भरून आले ते वाफेनं नव्हे.

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, मग जुळवाजुळव सुरू झाली. मागचं अर्धं अंग दादानं हैदराबादच्या एका पोराकडून मागवलं, ते भलत्याच कंपनीचं. पुढच्या स्क्रूचे आटे निराळे, मागचे निराळे. मधला तळ अक्कलकोट रोडच्या भंगारातून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याचा. त्याच्या कडा कानशीनं मी घासल्या. दिवसभर पोरांच्या चड्ड्या शिवायच्या आणि घरी येऊन पत्रा घासायचा. तळहाताची सालं निघाली. तोंडानं शिव्या चालू, हातानं घासणं चालू. दादा म्हणायचा, "शिव्या कमी दे, जोर लाव."

सगळ्यात मोठी पंचाईत त्यानंतर आली. पुढची चाकं लांब-लांब, मागची जवळ-जवळ. चाक आणि गाडी यांच्यामध्ये जो लांबट सांधा असतो, ज्याच्यावर चाक वर-खाली होतं, तो मागच्या बाजूला जास्त लांबीचा लागणार होता. तसा बाजारात मिळत नाही, कारण अशी अर्धी इकडची अर्धी तिकडची गाडी कोणी करतच नाही. दादानं लाकडाचा करून बघितला, फुटला. पत्र्याचा केला, वाकला. पुन्हा टॉवेल हातावर आला. म्हटलं संपलं परत.

तेव्हा कॉटवरून, भिंतीकडं तोंड करूनच, अप्पा बोलले. "पिकरचा कर की."

पिकर म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन पळणाऱ्या धोट्याला या टोकाकडून त्या टोकाकडं हाणणारा ठोकळा. धोट्याबरोबर दिवसभर नुसते फटके खाणं हेच त्याचं काम. पूर्वी तो कच्च्या चामड्याचा असायचा, नंतर नायलॉनचा आला. अप्पा उठले. स्वतःच्या पायानं उठले. कॉटखालच्या ट्रंकेतून नायलॉनचे दोन कोरे पिकर काढले आणि दादापुढं धरले. माग विकले गेले त्या दिवशी माणूस काय घेऊन आला होता घरी, तर पिकर! मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

मग अप्पा आणि दादा शेजारी शेजारी बसायला लागले. दादा डाव्या हातानं खुणा करायचा, अप्पा करवत चालवायचे. अप्पांनी धरायचं, दादानं भोक पाडायचं. एका माणसाचे दोन हात असल्यासारखे चालायचे ते. जेवायची ताटं रिकामी व्हायला लागली. मी एकदा मुद्दाम भाकरी कमी केल्या तर अप्पा ओरडले माझ्यावर. लई बरं वाटलं.

सांधे तयार झाले, तर अप्पा म्हणाले, "आता मुरत घालायचं."

मागवाल्यांची रीत होती ती. नवा चामड्याचा पिकर कोरडा कधी लावायचा नाही. तेलाच्या डब्यात टाकायचा, चांगला मुरू द्यायचा, मग टांगून निथळायचा. तेल प्यालेला पिकर फटके खाऊन चिवट होतो, कोरडा चिरतो. अप्पांचा सगळा जन्म यात गेलेला. नायलॉनला त्याची काही गरज नसते. दादाला माहीत होतं, मलाही त्यानं हळूच सांगितलं. पण अप्पांच्या तोंडावर म्हणाला, "घाला की अप्पा, तुमाला कळतं त्यातलं." म्हाताऱ्याचं मन राखलं, बाकी काय. तेलानं नायलॉनचं काही बिघडत नव्हतं.

सांधे मुरले, निथळले, गाडीला लागले. अप्पांनी हट्ट धरला की गाडी गच्चीवरून खाली टाक. दादा नको नको म्हणत होता, शेवटी टाकली. धाडकन आपटली, चार कोलांट्या घेतल्या, आणि सांध्याला केसाएवढीसुद्धा चीर नाही. अप्पांनी मांडीवर थाप मारली. "बगितलं? त्याल पिलंय त्ये!" गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून सांगितलं. त्यांच्या मनात पक्कं बसलं की गाडी टिकली ती तेलानं. आम्ही दोघं हसलो. कोण कशाला त्यांचा आनंद मोडेल?

राहिला रिमोट. तो पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात धरून बोटानं घोडा दाबायचा, त्यानं वेग. उजव्या हातानं बाजूचं छोटं चाक फिरवायचं, त्यानं वळण. ते चाक चिमटीत धरायला बोटं लागतात. दादानं मागाची लाकडी कांडी, जिच्यावर सूत गुंडाळतात ती, कापून तिचा बुडखा त्या चाकावर बसवला. त्यावर तळहात ठेवायचा, अंगठ्यानं अडवायचा आणि मनगटानं वळवायचं. पहिल्या दिवशी गाडी नालीत गेली. नंतर भिंतीत. मग हळूहळू समोरच्या म्हातारीच्या कोंबड्यांमधून एकही पीस न उडवता जायला लागली.

दादानं गाडी बनवतानाचे व्हिडिओ कुठल्याशा ग्रुपवर टाकले होते. ते बघून पुण्याहून एकांचा फोन आला. त्यांचं असल्या गाड्यांचे पार्ट बनवायचं आणि दुरुस्तीचं वर्कशॉप. सांधे त्यांना पसंत पडले. म्हणाले, आम्हाला असं डोकं चालवणारा माणूस हवाय. पण आमचं काम बारीक आहे, स्पष्टच विचारतो, हात चालेल का? तुमच्या रानात मोठी रेस आहे, तिला मी सोलापूरला येतोय. तुम्ही स्वतः जोडलेली गाडी तुम्ही स्वतः चालवून दाखवा. पळाली, तर पुढच्या महिन्यापासून या.

फोन ठेवला तेव्हा दादाचा चेहरा मी पाहिलाय. कंपनी त्याला परत घ्यायला तयार होती, पण गेटवर. वॉचमन म्हणून. ज्या गेटातून त्याला रक्तानं भिजलेला बाहेर काढला, त्याच गेटवर बसून इतरांच्या गाड्यांना सलाम ठोकायचा. "तितं बसण्यापेक्षा नको जगणं," असं तो मला एकदाच म्हणाला होता, आणि त्या दिवसापासून मी त्याला घरात एकटा ठेवत नव्हते. म्हणजे त्या गाडीवर काय काय टांगलं होतं ते कळलं असेल तुम्हाला.

माझ्याकडून मी बॅटरी घेतली. नवी, चांगली, पुण्याहून मागवलेली. जुनी फुगली होती आणि मोटर बदलून मोठी केली होती. माझ्या कमाईची पहिली चैन म्हणा हवं तर. अप्पा म्हणाले, "पोरीनं गाडीचं काळीज आणलं." मी फुशारले.

रेसच्या आदल्या दिवशी दादानं ट्रॅकवर गाडी पळवून बघितली. अशी पळाली की तिथली जुनी पोरं येऊन पाया पडायची नाटकं करायला लागली. एकच खटकलं. मोठ्या मोटरनं क्लचच्या चकत्या झिजल्या होत्या. या गाडीला छोटा क्लच असतो. गाडी उडी मारून खाली आली की मोटरचा झटका गिअरच्या दातांना बसू नये म्हणून तो अगदी जरासा घसरतो. बाकी वेळ घट्ट धरून ठेवतो. धरतो ते त्या चकत्यांवर. रुपयाएवढ्या, तपकिरी, खरबरीत, बघणाऱ्याला चामड्याच्या वाटतील अशा. दादाकडं नव्या चकत्या होत्या. वाटीत काढून ठेवल्या आणि म्हणाला, सकाळी बसवतो. मग तो ट्रॅक सारखा करायला रानात गेला. मी कामावर गेले. घरात राहिले अप्पा.

पुढं काय झालं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. आमच्या आलं नाही.

सकाळी वाटी होती तिथंच होती. अप्पांनी चकत्या निथळून, फडक्यानं स्वच्छ पुसून पुन्हा तशाच रचून ठेवल्या होत्या. वरून कोरड्या दिसत होत्या. एवढं बारीक काम डाव्या बोटांना जमायचं नाही, म्हणून दादानं डाव्या हातात चिमटा धरून एकेक बसवली. पूर्वीसारखी उजव्या बोटांच्या शेंड्यात चकती धरली असती तर बुळबुळीतपणा तेव्हाच कळला असता. धरणार कशानं? आणि वास म्हणाल तर आमच्या घरात तेलाचाच वास होता, लहानपणापासून. अप्पा बाजूला उभं राहून बघत होते, गालात हसत होते. मला वाटलं, पोराचं कौतुक वाटतंय.

रानात मांडव घातला होता. हुबळीची, हैदराबादची, पुण्याची माणसं आली होती. उन्हानं डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. अप्पांना मी सावलीत खुर्ची दिली, डोक्यावर ओला रुमाल टाकला. पुण्याचे साहेब आले, दादाशी बोलले, त्याचा हात पाहिला, कांडी पाहिली. "भारी आहे हे," म्हणाले. दादा चालवणाऱ्यांच्या मचाणावर चढला. पायरी चढताना त्यानं टॉवेल माझ्याकडं दिला. घरी ने, म्हणाला, आता लागणार नाही.

शिट्टी वाजली. सगळ्या गाड्या सुटल्या आणि आमची तिथंच. मोटर किंचाळतेय, ऐकवत नाही असं किंचाळतेय, आणि गाडी रांगतेय. लोक हसले. पहिल्या चढावर अर्ध्यात गेली आणि मागं घसरत आली. दादा मचाणावरून उतरला, क्लचचा नट आवळला, परत सोडली. वळणापर्यंत गेली. मग मागच्या अंगातून धूर निघाला.

मी धावत जाऊन गाडी उचलली. हाताला चटका बसला. दादानं तिथंच मातीत बसून झाकण उघडलं, आणि आतून तळणीचा धूर यावा तसा तेलाचा धूर आला. चकत्यांतून तेल पाझरत होतं. गरम होऊन सगळं बाहेर आलं होतं. दादानं माझ्याकडं बघितलं. मी दादाकडं. दोघांनाही एकदमच कळलं. त्या वासात आम्ही लहानाचे मोठे झालो होतो, आणखी काय सांगायला पाहिजे होतं?

माझं डोकं फिरलं. मी वळलेच होते अप्पांच्या दिशेनं, तोंडातून शब्द सुटणारच होते. दादानं मला धरलं. उजव्या हातानं. अंगठा आणि तळवा, एवढ्यानं माझं मनगट असं दाबलं की कळ डोक्यापर्यंत गेली. "एक शब्द बोललीस तर मेलो मी तुला," म्हणाला.

तेवढ्यात पुण्याचे साहेब आले. वाकून क्लचमध्ये बोट घातलं, बोटावर बोट चोळलं. मग दादाच्या हाताकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता, हळूच बोलला. "तेल लागलंय याला. बसवताना जाणवलं नाही का हाताला?"

अप्पा खुर्चीवरून उठून आमच्याकडंच येत होते, रुमाल सावरत, धापा टाकत.

"नाही साहेब," दादा म्हणाला. "नाही जाणवलं."

साहेबांनी मान हलवली. त्यांना पाहिजे होतं ते उत्तर त्यांना मिळालं होतं.

"काय झालं रं?" अप्पा पोचले. "चाकाचा सांधा तुटला व्हय?"

"सांधे ठणठणीत हायेत अप्पा. बॅटरी गेली."

अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला, मी बघितलाय. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कसली बॅटरी आणलीस गं बाय? पोराचा घात केलास की!"

आणि मी, मी ऐकून घेतलं. मनगटावर दादाचा अंगठा तसाच होता.

घरी आल्यावर मी दादाला सोडलं नाही. अप्पा झोपल्यावर नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गच्चीवर नेऊन विचारलं. असा कसा रे तू? तुझं आयुष्य गेलं त्यात, आणि तू बोलू नको म्हणतोस? साहेबांना बाजूला घेऊन खरं सांगायला काय झालं होतं? तो कठड्याला टेकून खाली बघत होता. म्हणाला, "माझी बोटं त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतलीत. त्यातनं आत्ता कुटं उठलेत. आता हेबी त्यांच्याच नावावर लिहू? मग जगतील का ते?" मी म्हटलं, आणि तू? तो टोपीनं कपाळ पुसावं तसं मनगटानं पुसून जिना उतरून गेला.

मी पुण्याला फोन लावलाच. त्याला न सांगता. सगळं खरं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाले. पण बाई, म्हणाले, तेल कुणी लावलं हा प्रश्न नव्हता, हाताला कळलं की नाही हा होता. हुबळीचा एक जण कालच ठेवून घेतलाय. यावर काय भांडणार? मी भांडले नाही. फोन ठेवून रडले मात्र पोटभर.

महिन्याभरात दादा वॉचमनच्या खाकी कपड्यात चिंचोळीच्या बसला बसायला लागला. ते कपडे मीच बेतून शिवले. उजवी बाही थोडी लांब ठेवली, हात झाकायला.

आणि अप्पा सुधारले. ही सगळ्यात वाईट गोष्ट, आणि सगळ्यात चांगलीही. जेवायचे, पारावर जाऊन बसायचे, सगळ्यांना सांगायचे. गाडी कशी एक नंबर होती, सांधे कसे तेल प्यालेले, चकत्यासुद्धा मी मुरवल्या होत्या, पण पोरीची बॅटरी फितूर झाली. चकत्यासुद्धा! पारावर सांगायचे, बढाई मारून, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही क्लच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, हे आमचं नशीब. सणाला कुणी पाहुणा आला की मला हाक. "हिला इचारा, हिनंच आणलेली." मी चहाचे कप ठेवायचे आणि आत जायचे. आत जाऊन भांडी आपटायचे. दादा ड्यूटीवरून आला की माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं बघायचे नाही. किती तरी वेळा वाटलं, आज सांगून टाकते, बसू दे म्हाताऱ्याला कायमचं भिंतीकडं तोंड करून. पण त्यांना मिटक्या मारत शेंगाची चटणी खाताना बघितलं की मी ताटात आणखी एक भाकरी वाढायचे.

गाडी पेटीतच होती. दादानं पुन्हा हात लावला नाही. अप्पांनी मात्र एका डबीत जुन्या चामड्याच्या चकत्या कापून तेलात टाकून ठेवल्या होत्या. पुढच्या रेसला लागतील म्हणायचे. दादा म्हणायचा, "बरं केलंत अप्पा."

मागच्या उन्हाळ्यात अप्पांची छाती भरली. जन्मभर मागाचा कापूस आत गेलेला, तो आता वर यायला लागला. दवाखान्यात नाकाला नळी लावली. बोलायचे ते तुटक तुटक, दोन शब्दांनी दम लागायचा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी दादा ड्यूटीवरून थेट आला, खाकी कपड्यातच, टोपी काखेत. पलंगाच्या पायाशी उभा राहिला.

अप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बॅटरीचं... मनाला लावून घिऊ नगंस पोरी. म्या लई बोललो तुला. तू काय... मुद्दाम न्हाय केलंस."

पायाशी दादानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"व्हय अप्पा," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

"पुढच्या येळंला... चांगली बघून घे."

"घेते की, अप्पा. चांगली बघून घेते."